सुनेनं मागितलेलं पुस्तक

२०२० च्या उन्हाळ्यात सगळं बंद पडलं तेव्हा पोरगा आणि सून नगरहून गावी आली. लग्नाला वरीस झालं होतं. रजिस्टर लग्न. आम्ही ख्रिस्ती, मूळचे महारवाड्यातले. ती चार कोसांवरच्या गावातल्या मराठ्याची लेक. लग्नाला तिच्याकडचं कुणी आलं नाही. आमच्याकडचे आले, पण जेवताना निम्म्यांच्या तोंडी एकच विषय, पोरीचा बाप्तिस्मा कधी?

कांदा काढून झाला होता. मार्केट बंद, म्हणून सगळा माल चाळीत भरत होतो. सून पाट्या उचलून देत होती. मधेच थांबून म्हणाली, "मामा, तुमच्या पेटीतलं एखादं पुस्तक द्या ना मला. तुमच्या लोकांचं काय असतं ते समजंल असं. पण बायबल नको."

"का गं, बायबल का नको?"

"उघडलं व्हतं. नवा करार. पहिल्याच पानावर अमक्याला तमका झाला अन् तमक्याला फलाणा झाला. तलाठ्याचं वारस नोंदीचं रजिस्टर वाचल्यावानी वाटलं."

मला हसू आलं. पोरीचं खोटं नव्हतं. मत्तयचं शुभवर्तमान वंशावळीनं सुरू होतं, आणि किती जणांनी तिथंच पुस्तक मिटलं असेल कुणास ठाऊक. मी तिला म्हणालो, संध्याकाळी देतो. आणि दिवसभर पाट्या ओतता ओतता डोक्यात तेच. काय द्यावं?

मी काही विद्वान माणूस नाही. १९७५ साली दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली बॅच बाहेर पडली त्यातला मी. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलो, पुढं पैसा नव्हता म्हणून वतनातल्या अडीच एकरात परत आलो तो आजपर्यंत. पण बोर्डिंगातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी वाचायची खोड लावली. बापाची लोखंडी पेटी होती, तिच्यात वीस-बावीस पुस्तकं जमली. काही विकत घेतलेली, काही जत्रेतल्या गाड्यावरची, दोन-तीन मागून आणलेली ती परत द्यायची राहिलेली. (आता देणार कुणाला? माणसंच राहिली नाहीत.)

संध्याकाळी मी पेटीतून 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं. पुठ्ठा गेलेला, वर सिमेंटच्या गोणीचा कागद चढवलेला.

हे पुस्तक मी सुनेच्या आधी एका माणसाला दिलं होतं. म्हणजे दिलं नव्हतं, वाचून दाखवलं होतं. माझ्या आईला.

आई निरक्षर. नांगरटीपासून खुरपणीपर्यंत सगळं जाणणारी, पण पाटीवरचा एक आकडा ओळखायची नाही. बाप गेल्यावर, बहात्तरच्या दुष्काळाला दहा-बारा वर्षं झाली असतील, तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि ती ओसरीला बसून राहायला लागली. रोज रात्री जेवणं झाली की मी तिला दोन-चार पानं वाचून दाखवायचो. पवित्र शास्त्र तिला बरंचसं पाठच होतं, ऐकून ऐकून. तेव्हा म्हटलं हे लावू.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नारायण वामन टिळक म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्यांच्या फुलांमुलांच्या कविता होत्या तेच. कोकणस्थ ब्राह्मण. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि बायकोला मागं ठेवलं. म्हणजे ती गेलीच नाही. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं नातेवाइकांत राहिली, रडली, चिडली, मग पोराला घेऊन नवऱ्याजवळ राहायला आली ती आपलं सोवळं घेऊनच. ख्रिस्ती झाली ती १९०० साली, आपल्या पायांनी. पुढं आयुष्याच्या शेवटाला तिनं हे सगळं लिहून काढलं. १९३४ ते ३६ मध्ये चार भागांत ते निघालं. बाई कधी शाळेत गेलेली नव्हती. पण तिच्यासारखी मराठी पुढं भल्याभल्यांना लिहिता आली नाही, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला तिच्या बापाच्या सोवळ्याचं वर्णन आहे. सत्तावन्नच्या बंडात सासऱ्याला फाशी झाली, त्याचा त्या माणसाच्या मनावर परिणाम झाला आणि विटाळाचं भूत डोक्यात शिरलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा धुवायचं. इथं आई एवढी हसली की ठसका लागला. "आरं, मीठ धुतल्यावर ऱ्हाईल काय? पाणीच की!" पुढं दोन दिवस येईल त्याला सांगत होती, मीठ धुणाऱ्या बामणाची गोष्ट.

मग पुढं तो भाग आला. नगरला नवऱ्याजवळ आल्यावर लक्ष्मीबाई आपलं पाणी वेगळं ठेवते, चूल वेगळी ठेवते, भोवती सगळी ख्रिस्ती माणसं. ती माणसं कोण? आमच्यासारखीच, महारा-मांगांतून आलेली. आई हसायची थांबली.

"वाच म्होरं," म्हणाली.

मी वाचत गेलो. काही दिवसांनी राहुरीचा भाग आला. तिथं बाई एकटी बसून विचार करते की ही जात केली कोणी, देवानं का माणसानं? आणि ठरवते की आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन-पिईन. कुणी उपदेश केला म्हणून नाही. बसल्या जागी, आपलं आपण.

आई म्हणाली, "ते परत वाच."

परत वाचलं. ती बराच वेळ गप्प. मग तिनं सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. लग्न होऊन ती आमच्या गावात आली तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या बायांना चढता येत नव्हतं. घागर घेऊन खाली उभं राहायचं, वरच्या बाईला दया आली तर ती वरून ओतायची. निम्मं घागरीत, निम्मं अंगावर. थंडीच्या दिवसांतसुद्धा. माझा थोरला भाऊ पोटात होता तेव्हा एकदा ती दुपार होईस्तोवर उभी होती आणि तशीच रिकामी परत आली. आम्ही ख्रिस्ती होऊन तेव्हा दोन पिढ्या झाल्या होत्या. विहिरीला त्याचं काय?

"ह्या बाईनं लिहिलं तरी," आई म्हणाली, "का मी असं वागत व्हते म्हणून. आपल्या गावातल्या एकीनं तरी म्हणलं का कधी?"

मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचवलं नाही.

आमच्या लोकांना गावात एक टोमणा कायम ऐकावा लागला, की हे मिलो खाऊन ख्रिस्ती झाले. बहात्तरला अमेरिकेतून लाल मिलो आला होता. खरं म्हणजे माझ्या आजोबानं बाप्तिस्मा घेतला तो त्याच्या कितीतरी आधी. आणि मिलो काय आम्हीच खाल्ला? पाटलाच्या घरीसुद्धा त्याच्याच भाकरी होत्या, नालाबांधावर सुकडीच्या रांगेत सगळं गाव होतं. शिक्का मात्र आमच्यावर बसला. पोरवयात मलाही वाटायचं की खरंच का असंल? आपल्या माणसांनी पोटासाठीच देव बदलला का? असल्या शंकेला पाळकांच्या प्रवचनानं उत्तर मिळत नाही. भांडण, रुसवा, उपास, मूर्खपणा, सगळं जसंच्या तसं सांगणाऱ्या पुस्तकानं थोडं मिळतं. लक्ष्मीबाई कुठंच म्हणत नाही की आम्ही ख्रिस्ती झालो आणि सगळं छान झालं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, घरात पाहुण्यांचा राबता, दोघं एकमेकांवर चिडतात, परत एक होतात. देवाचं माणूस असंही असू शकतं हे मला त्या पुस्तकानं सांगितलं.

तर ते मी सुनेला दिलं.

चाळीच्या सावलीत बसून तिनं आठवड्यात संपवलं. मी काही विचारलं नाही. एक दिवस शेणाची पाटी टाकून आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मामा, ह्या बाईला कुणी ढकललं न्हाई. भांडत भांडत आली ती."

"हां."

"अन् आलीच नसती तर?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, टिळकांनी वाट बघितली असती. ती म्हणाली, "हे तुमी म्हणताय. पुस्तकात न्हाई." आणि हात धुवायला गेली. तिचं बरोबर होतं. पुस्तकात नाही.

त्यानंतर ती पुस्तकं मागत गेली आणि मी देत गेलो. मंडळीतल्या दोन-तीन पोरांनीही नंतर विचारलं, म्हणून त्याबद्दल इथं लिहितो.

टॉलस्टॉयच्या गोष्टी मी कुणालाही आधी देईन, ख्रिस्ती असो नसो. त्यातली ती जमिनीची गोष्ट तर शेतकऱ्यानं वाचावीच. पाहोम नावाचा शेतकरी. त्याला एक लोक सांगतात, हजार रुबल दे आणि दिवसभरात जेवढ्या जमिनीला चालून वळसा घालशील तेवढी तुझी, फक्त सूर्य मावळायच्या आत निघाल्या जागी परत यायचं. तो हावेनं लांब लांब जातो, धापा टाकत परत येतो आणि पडून मरतो. शेवटी लागते ती पुरण्यापुरती. ही गोष्ट मी वाचली तेव्हा माझा आणि चुलतभावाचा बांधावरून वाद चालू होता. त्यानं बांध कोरला असं मी गावभर सांगत होतो. मीही दोन सालं आधी एक तास नांगर त्याच्या अंगाला घातला होता हे मात्र सांगत नव्हतो. गोष्ट वाचून मी काही लगेच जाऊन त्याच्या पाया पडलो नाही. पण मोजणी आणायचा अर्ज मात्र भरला नाही. आमचे एक वडील, म्हणजे मंडळीतले, म्हणाले की टॉलस्टॉयला त्याच्याच चर्चनं बाहेर काढला होता, त्याचं काय वाचायचं. काढला होता हे खरं आहे, १९०१ साली. गोष्ट त्यानं खोटी होत नाही.

बनियनचं यात्रेकरूचं पुस्तक बोर्डिंगात मास्तरांनी आम्हाला वाचून दाखवलं होतं. बनियन इंग्लंडातला, भांड्यांना डाग लावत गावोगाव फिरणारा, आपल्याकडच्या कल्हईवाल्यासारखा. परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून बारा वर्षं तुरुंगात होता. १६७८ साली पुस्तक निघालं. हरी केशवजींनी ते १८४१ मध्येच मराठीत आणलं, 'यात्रिकक्रमण' म्हणून. त्या काळची मराठी आता जड जाते, नवं भाषांतर बघावं. पाठीवर ओझं घेतलेला माणूस घर सोडून निघतो, दलदलीत रुततो, चढ चढतो. मला ते ओझं उसाच्या मोळीसारखं दिसायचं. अजून दिसतं. उत्तरार्धात त्याची बायको पोरांना घेऊन त्याच वाटेनं निघते. तो भाग सहसा कुणी वाचत नाही, सुनेनं तोच आधी वाचला.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत विचारतात. विधवांचे हाल त्यात पोटतिडकीनं लिहिलेत, पण मधे मधे उपदेश फार. सून म्हणाली, "पाळकसाहेबांचं प्रवचन मधी घुसल्यावानी होतं." मी तिला दोष दिला नाही. तरी त्या बायांच्या हकिकतींसाठी वाचावं. त्यांचंच 'अरुणोदय' हे आत्मचरित्र मला जास्त आवडतं, कारण तिथं माणूस स्वतःशी झगडताना दिसतो.

आता ख्रिस्तपुराण. हे मी स्वतःसाठी घेतलं होतं, नागरीत छापलेलं, एका कांद्याच्या पट्टीतून. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि हजारो ओव्यांचं पुराण रचलं. १६१६ ला गोव्यात राशोलला छापलं, तेही रोमी लिपीत. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची आधीची पुराणं सुटली होती, त्यांना त्या जागी काही हवं होतं, म्हणून हे. आम्ही नेवासा तालुक्यातली माणसं. ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात. आमच्या शेजारी एक माळकरी म्हातारा होता. मी ओट्यावर बसून ख्रिस्तपुराणाच्या ओव्या मोठ्यानं वाचत होतो तेव्हा तो काठी टेकत आला, बसला, मान डोलवत ऐकत राहिला. अर्ध्या तासानं म्हणाला, "ज्ञानेश्वरीचा कोणता अध्याय रं हा?" मी सांगितलं कोणाचं आहे ते. म्हातारा थोडा गडबडला. मग म्हणाला, "असू दे. वाच." पुढं महिनाभर येत होता. समजायला अवघड आहे, खोटं कशाला सांगू. शब्द अडतात. पण मोठ्यानं वाचलं तर निम्मं आपोआप उलगडतं, ओवीचं तसंच असतं.

आणि बायबल? ते टाळून कसं चालेल. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायांना कळावं म्हणून, आणि मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायांनीच ते छापलं. १९२२ ला रमाबाई गेल्या, पुरं बायबल निघालं १९२४ ला. ते आता सहज हाताला लागत नाही. सुनेला मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आणून दिलं. वसईचा माणूस, तिथल्या केळीच्या आणि पानाच्या बागा बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर उतरलेला. त्यांच्या बायबलात टिपा आहेत, कुठला डोंगर, कुठली चाल, वंशावळ का दिलीय. सून ती यादी परत वाचून आली आणि म्हणाली, "मामा, त्या यादीत चार-पाच बाया बी हैत. अन् त्यातल्या दोघी-तिघी तर परक्या कुळातल्या."

"हैत की," मी म्हणालो. मी चाळीस वर्षं ती यादी वाचत होतो. माझ्या लक्षात तामार, राहाब, रूथ ही नावं होती. ती परकी होती हे एवढं कधी मनात आलं नव्हतं.

मंडळीत मात्र बाप्तिस्म्याचा विषय सुटला नाही. गेल्या नाताळाच्या आधी दोन वडील घरी आले. चहा झाला. म्हणाले, "दादा, तुम्ही बोलून बघा. पोर उपासनेला येते, गाणी म्हणते, मग अडतंय कुठं? लोक बोलतात." सून आत भाकरी थापत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी त्यांना सांगितलं की टिळकांनी शेवटी शेवटी, १९१७ ला, मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. एक वडील म्हणाले, टिळकांचं निराळं, ते मोठे. मी म्हणालो, आम्ही तर लहान, आम्हाला कशाला घाई? ते हसले नाहीत. चहाचे कप तसेच ठेवून गेले. एकानं पुढं दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं.

सुनेनं त्यावर एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही.

आता राहिली एक गोष्ट. तिची आई. आमची विहीणबाई. नातू झाला तेव्हा २०२१ ला पहिल्यांदा आमच्या दारात आली. ओट्यावर बसली, बाळ मांडीवर घेतलं, डोळे भरून आले तिचे. माझ्या बायकोनं तांब्या-पेला पुढं केला. विहीणबाई म्हणाली, "आत्ताच पिऊन निघाले घरून." उन्हाळ्याचे दिवस, चार कोस जीपनं आलेली बाई. पुढं आणखी तीनदा आली. प्रत्येक वेळी आत्ताच पिऊन निघालेली. बायको दर वेळी तांब्या भरून ठेवते आणि संध्याकाळी गुलबक्षीच्या झाडाला ओतते. आई असती तर काहीतरी बोलली असती. बायको बोलत नाही.

मागच्या दिवाळीला मूळ पाठवून त्यांनी पहिल्यांदा लेकीला माहेरी नेलं. जायच्या आदल्या रात्री सून पेटी उघडून काहीतरी शोधत होती. मी विचारलं काय पाहिजे. म्हणाली, "सिमेंटच्या कागदाचं पुस्तक. आईला वाचून दाखवीन म्हणते. तिला अक्षर वळखू येत न्हाई."

मी काढून दिलं. तिनं ते लुगड्याच्या घडीत गुंडाळून पिशवीच्या तळाला घातलं.

दिवाळी झाली, सून परत आली. पुस्तक आलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, अर्धंच झालंय, ठेवून आले, भाची वाचून दाखवती रोज. कुठवर आलं, मी विचारलं. तर म्हणाली, "मीठ धुत्यात तिथवर. आई लई हसली म्हणं."